उघड्या अंगावर खटला, झाकलेल्या लबाडीला माफी



जाहिराती हा शहरातल्या लोकांच्या चर्चेचा विषय. शेतकऱ्यांच्या जिल्हा बैठकीच्या पत्रकात त्याला जागा कशाला, असे काही जण विचारतील. त्यांनी बैठकीला येतानाचा रस्ता आठवावा. मुरबाडहून किंवा शहापूरहून कल्याणकडे उतरताना पूर्वी दोन्ही बाजूंना भात दिसायचा. आता भाताच्या डोक्यावर फलक दिसतो. फलकावर तळे, झाडे आणि हसणारे कुटुंब. ज्याच्या बांधावर फलकाचे लोखंडी पाय रोवले आहेत तो मात्र फलकावर कुठेच नाही. गावात शिरले की कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर मनगटाएवढी भाताची लोंबी. घरी पोचले की मोबाइलवर टॉनिकची चित्रफीत. शेतकरी चहूबाजूंनी जाहिरातीने वेढला गेला आहे, आणि त्याबद्दल तक्रार करायची असते हेही त्याला कोणी सांगितलेले नाही.

म्हणून हा विषय आमचा आहे. जाहिरात कल्पक कधी म्हणायची, वादग्रस्त कधी आणि लोकांचा अपमान करणारी कधी, हे आजपर्यंत शहरातल्या लोकांनी ठरवले. त्यांचे माप वेगळे आणि आमचे वेगळे. त्यांच्या मापात जाहिरात काय दाखवते याला महत्त्व. आमच्या मापात ती काय झाकते याला महत्त्व.

दंगा कशावर होतो?

आधी त्यांचे माप पाहू.

१९९१ साली कामसूत्र निरोधची जाहिरात आली. पूजा बेदी हिची छायाचित्रे आणि अलेक पदमसी यांच्या लिंटास कंपनीची कल्पना. घराघरांत कुजबूज झाली, संपादकांना पत्रे गेली. १९९५ साली टफ नावाच्या बुटांची जाहिरात आली. मिलिंद सोमण आणि मधू सप्रे, अंगावर कपडा नाही, पायांत बूट आणि दोघांच्या गळ्यात अजगर. मुंबईत खटला उभा राहिला. अजगर वापरला म्हणून वन्यजीव संरक्षण कायद्याचीही आठवण झाली. खटला चौदा वर्षे चालला आणि २००९ साली सगळे निर्दोष सुटले.

या चौदा वर्षांत अश्लीलतेवर चर्चा झाली, संस्कृतीवर झाली, अजगरावरसुद्धा दया दाखवून झाली. एक प्रश्न तेवढा कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तो बूट टिकत होता का? तळ किती दिवसांत झिजत होता? घेतलेल्या पैशांचे मोल मिळत होते का? बुटाची जाहिरात होती, पण बुटाविषयी कोणालाच काही म्हणायचे नव्हते.

पुढे हेच चालू राहिले. २०१९ साली होळीच्या रंगांवरून सर्फ एक्सेलच्या जाहिरातीवर बहिष्काराची हाक आली. २०२० च्या ऑक्टोबरात तनिष्कने हिंदू सुनेचे डोहाळजेवण करणारे मुसलमान सासर दाखवले, त्यावर काहूर माजले आणि कंपनीने काही दिवसांतच जाहिरात मागे घेतली. २०२१ साली दिवाळीच्या कपड्यांना उर्दू नाव दिले म्हणून फॅबइंडियाला माघार घ्यावी लागली.

यातले प्रत्येक भांडण खोटे होते असे आम्ही म्हणत नाही. २०२२ च्या जूनमध्ये एका सुगंधी फवाऱ्याच्या जाहिरातीत बाईवरच्या सामूहिक अत्याचाराची भीती हाच विनोद केला होता. माहिती व नभोवाणी मंत्रालयाने ती तातडीने काढायला लावली, आणि ते योग्यच झाले. काळ्या मुलीला नोकरी नाही, नवरा नाही, असे वर्षानुवर्षे सांगणाऱ्या फेअर अँड लव्हली मलमाला २०२० साली नावातला गोरेपणा काढावा लागला. तेही आधी व्हायला हवे होते. आमच्या लेकी उन्हात लावणी करतात. त्यांच्या रंगाला कमीपणा समजणारी जाहिरात हा आमच्या घरावरचा हल्लाच होता.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. सोनाराच्या जाहिरातीवर लोक चिडले, ती काही दिवसांत गेली. सुगंधी फवाऱ्यावर लोक चिडले, तीही गेली. म्हणजे मनात आणले तर जाहिरात हटवता येते. मग जिच्यामुळे शेतकऱ्याचे पीक बुडते, ती जाहिरात पुढच्या हंगामातही भिंतीवर कशी राहते? कारण तिच्यात कोणी उघडे नसते आणि कोणाच्या देवाचे नाव नसते. तिच्यात फक्त लबाडी असते, आणि लबाडीने भावना दुखावतात असे आपल्याकडे अजून कोणी मानत नाही.

कल्पकता कशाला म्हणायचे?

आम्ही जाहिरातीचे वैरी नाही. ज्याच्याकडे माल आहे त्याने तो ओरडून विकावा. आठवड्याच्या बाजारात भाजीची टोपली घेऊन बसलेली बाईसुद्धा तेच करते. तिची आरोळी कल्पक असते, कारण माल समोर असतो. भेंडी मोडून पाहता येते. खोटे बोलली तर पुढच्या बाजारी गिऱ्हाईक फिरकत नाही. खरी गोष्ट अशी सांगायची की ऐकणाऱ्याच्या डोक्यातून ती जाऊ नये, हीच कल्पकता.

१९६६ साली मुंबईच्या फलकांवर ठिपक्यांच्या झग्यातली अमूलची मुलगी आली. सिल्व्हेस्टर डाकुन्हा यांच्या जाहिरात कंपनीने ती उभी केली. तिने पुढाऱ्यांची थट्टा केली, खेळाडूंची केली, कधी वाद ओढवून घेतला. पण लोण्याबद्दल अचाट दावा केला नाही. हे लोणी खाऊन मूल पहिलवान होईल असे ती कधी म्हणाली नाही. आणि मुख्य म्हणजे त्या फलकामागे गुजरातच्या दूधउत्पादकांची स्वतःची संस्था होती. फलकाचा खर्च शेतकऱ्याचा आणि फलकाने वाढलेला खपही शेतकऱ्याचा. आपल्याकडे दूध कमी नव्हते. पण आपल्या दुधाला तसे नाव कोणी कमावून दिले नाही. आपला महानंद २०२४ साली राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या हाती सोपवावा लागला.

दुसरे उदाहरण अंड्यांचे. १९८२ साली बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने कोंबडीपालकांनी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभारली. अंड्याचा भाव व्यापाऱ्याने नव्हे, उत्पादकाने सांगायचा, हा तिचा मूळ मुद्दा. मग त्यांनी रोज अंडे खा असे सांगणारी जाहिरात दूरदर्शनवर केली आणि ती पोरासोरांच्या तोंडी बसली. भाव आपला आणि आवाजही आपला. आमच्या मते ही देशातली सर्वांत कल्पक जाहिरात, आणि ती शेतकऱ्यांची आहे.

तिसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले. विकोचा कारखाना डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत आहे. त्यांच्या हळदीच्या मलमाची जाहिरात आवर्जून सांगायची की हे प्रसाधन नाही. ऐकणाऱ्याला वाटायचे, गाण्यातला एक शब्द आहे. पण हे मलम औषध की प्रसाधन, यावर कंपनी आणि अबकारी खाते वर्षानुवर्षे कोर्टात भांडत होते. औषधावर कर कमी आणि प्रसाधनावर जास्त. ग्राहकाला जे गाणे वाटत होते ती कंपनीची कैफियतही होती! यात कंपनीचा दोष नाही, उलट तिच्याकडून शिकण्यासारखे आहे. जाहिरातीतला एकेक शब्द पैशांत मोजून लिहिलेला असतो. लिहिणारा मोजतो, तर वाचणाऱ्यानेही मोजायला नको का?

गुंठ्याचा एकर, एकराचा महाल

आता शेतकऱ्याच्या दाराशी येणाऱ्या जाहिरातींकडे वळू. आम्ही कृषी पदवीचा अभ्यास केला, प्रयोगाच्या वाफ्यांत कापणी केली, धान्य तोलले, कोष्टके भरली. त्यामुळे या जाहिरातींची शिवण कुठे उसवते ते आम्हाला ठाऊक आहे.

भिंतीवर लिहिलेले असते, 'उत्पादनात तीस टक्के वाढ'. तीस टक्के कशाच्या मानाने? शेजारी तेच बियाणे, तेच खत, तेच पाणी दिलेला, पण हे औषध न मारलेला वाफा होता का? त्याशिवाय वाढ मोजताच येत नाही. प्रयोग एकाच वाफ्यात केला की चार-पाच ठिकाणी? एकाच हंगामात केला की तीन? पाऊस चांगला झाला त्या वर्षी पाण्याचे श्रेयही बाटली घेऊन जाते.

दुसरी युक्ती गुंठ्याची. शेतातला सर्वांत भरघोस एक गुंठा निवडायचा, त्याचे धान्य तोलायचे, चाळीसने गुणायचे आणि फलकावर एकरी उत्पादन म्हणून छापायचे. शेत सगळीकडे सारखे नसते हे ज्याने एकदा भात झोडला त्याला कळते. खोलगट भाग वेगळा, माळाकडचा वेगळा, खाचराच्या तोंडाशी साचलेला गाळ वेगळा.

तिसरी युक्ती बांधाकडच्या ओळीची. बांधाला लागून असलेल्या चुडांना एका बाजूने मोकळे ऊन, मोकळी हवा आणि जादा अन्न मिळते. त्यांचे फुटवे जास्त, लोंब्या मोठ्या. प्रयोग करताना या कडेच्या ओळी सोडून मोजमाप करायचे, हा शेतीशास्त्राचा पहिल्या वर्षाचा धडा. छायाचित्र काढणारा नेमका बांधावरच उभा राहतो, त्यामुळे फोटोत येते ती बांधाकडचीच ओळ.

कर्जतच्या संशोधन केंद्राने आपल्या कोकणाला भाताचे वाण दिले. त्यांची पत्रके साधी. अमुक दिवसांत तयार, अमुक रोगाला बळी पडतो, अमुक जमिनीत लावू नये. वाणाचा दोष वाणाच्याच पत्रकात छापलेला! तिच्यात कल्पकता नाही असे जाहिरातवाले म्हणतील. आम्ही म्हणतो, जी आपल्या मालाची उणीव सांगते तीच जाहिरात बांधावर चालते.

टॉनिकच्या बाटल्यांची गोष्ट याहून वाईट. मुळे वाढवणारे, फुले धरणारे, दाणा भरणारे अशा नावांनी ही पाणी मिसळलेली आशा वर्षानुवर्षे विकली गेली. २०२१ साली जैव उत्तेजकांचा खत नियंत्रण आदेशात समावेश झाला. तोवर त्यांना खताचा कायदाही लागू नव्हता आणि कीटकनाशकाचाही. बाटलीत काय आहे हे तपासायचे कोणी, तर कोणीच नाही. जाहिरातीला मात्र पूर्ण मोकळीक.

साग, सोने आणि विष

१९९० च्या दशकात वर्तमानपत्रांत सागवान लागवडीच्या योजनांच्या पानभर जाहिराती यायच्या. आज हजार-पाच हजार गुंतवा, वीस वर्षांत लखपती व्हा. चेन्नईची अनुभव प्लँटेशन्स त्यातली गाजलेली. १९९८ मध्ये ती कोसळली आणि हजारो लोकांच्या ठेवी बुडाल्या. १९९९ मध्ये सेबीने अशा सामूहिक योजनांसाठी नियम केले. वरातीमागून घोडे! सागाची किंमत त्याच्या गाभ्यात असते. गाभा वयाने धरतो, जाहिरातीने नाही. शहापूरच्या जंगलात साग वाढताना पाहिलेल्या कोणत्याही आदिवासी म्हाताऱ्याने सांगितले असते की वीस वर्षांच्या खोडात पांढरे लाकूडच जास्त निघते. पण जाहिरात लिहिणाऱ्याने त्याला विचारले नाही आणि पैसे भरणाऱ्यानेही नाही.

कापसाचे प्रकरण तर पाठ करून ठेवावे असे आहे. बीटी कापसाला देशात मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. नवे बियाणे मिळण्याचा शेतकऱ्याला हक्क आहे, या मताचे आम्ही आहोत. बियाण्याला आमचा विरोध नाही. पण २८ ऑगस्ट २०११ रोजी टाइम्स ऑफ इंडियात यवतमाळ जिल्ह्यातल्या भांबराजा आणि अंतरगाव या दोन गावांत बीटी कापसाने सोने पिकले, असा पानभर मजकूर आला. त्याच पत्राच्या नागपूर आवृत्तीत तोच मजकूर २००८ साली बातमी म्हणून छापलेला होता. २००८ साली बातमी आणि २०११ साली जाहिरात! या गावांत एकही आत्महत्या नाही, असा त्यात दावा होता. मार्च २०१२ मध्ये संसदेच्या समितीसमोर भांबराजाच्या गावकऱ्यांनी सांगितले की आमच्या गावात चौदा आत्महत्या झाल्या आहेत. पी. साईनाथ यांनी हे सगळे मे २०१२ मध्ये द हिंदूत मांडले.

त्याच सुमारास या बियाण्याने शेतकऱ्यांचे उत्पन्न ३१,५०० कोटी रुपयांनी वाढले, अशी कंपनीची जाहिरात झळकली. तक्रार झाली. भारतीय जाहिरात मानक परिषदेने ठरवले की दाव्यांना पुरेसा आधार दिलेला नाही, आणि कंपनीला मजकूर बदलावा लागला. पण तोवर पेरणी होऊन वेचणीही उरकली होती. सोनाराची जाहिरात काही दिवसांत गेली, कापसाच्या जाहिरातीला हंगाम पुरला. उघड्या अंगासाठी रस्त्यावर उतरलेला जमाव चौदा आत्महत्या झाकणाऱ्या पानासाठी उतरला नाही.

कीटकनाशकांचे पाहा. १९७१ च्या नियमांप्रमाणे कीटकनाशकाच्या लेबलावर 'सुरक्षित', 'बिनविषारी', 'निरुपद्रवी' असले शब्द लिहायला बंदी आहे. 'सूचनेप्रमाणे वापरल्यास सुरक्षित' असे म्हणायलासुद्धा बंदी आहे. लेबलावर लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, हिरवा सर्वांत सौम्य. हिरवा म्हणजे विष नाही असे समजू नका. हिरवा म्हणजे कमी विष. आता दुकानाच्या भिंतीकडे बघा. हसरा शेतकरी, पांढरा सदरा, तोंडाला फडके नाही, हातात मोजे नाहीत, मागे हिरवेगार शेत. शब्द कुठलाही नाही, पण चित्र काय सांगते? जे लेबलावर लिहिता येत नाही तेच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्या हंगामात अश्लील चित्र कोणते होते? आम्ही सांगतो, तोंडावर फडके नसलेल्या त्या हसऱ्या शेतकऱ्याचे.

कल्याण-डोंबिवलीचा धडा

बियाण्यानंतर जमीन. आपल्या जिल्ह्यात सर्वांत मोठी जाहिरात जमिनीचीच आहे.

स्थावर संपदा कायद्याच्या कलम ३ प्रमाणे नोंदणी झाल्याशिवाय प्रकल्पाची जाहिरात करता येत नाही. कलम १२ प्रमाणे खोट्या जाहिरातीने नुकसान झाले तर भरपाई द्यावी लागते. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा केला. कागदावर बंदोबस्त चोख. आणि तरी डोंबिवली परिसरात काय झाले? पालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या तयार करून त्यांच्या जोरावर महारेराचे नोंदणी क्रमांक मिळवले गेले. एका वास्तुविशारदाने पाठपुरावा करून हे उघडकीस आणले. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अशा ६५ इमारती पाडण्याचा आदेश दिला. घरे घेतलेली कुटुंबे सुमारे साडेसहा हजार.

या कुटुंबांनी काय चूक केली? त्यांनी क्रमांक पाहिला. सरकारने सांगितले होते, क्रमांक असेल तर विश्वास ठेवा. त्यांनी ठेवला. जाहिरातीतली सर्वांत खरी दिसणारी ओळच खोट्यावर उभी होती. दंगा मात्र झाला नाही, कारण क्रमांकाने कोणाच्या भावना दुखावत नाहीत. हप्ते तेवढे चालू राहतात.

आमच्या शेतकऱ्यांनी ही गोष्ट शहरातल्या लोकांची म्हणून सोडून देऊ नये. जमीन देताना बांधकामात किंवा विक्रीच्या पैशांत वाटा घेतला, तर २०१७ पासून महारेरा जमीनमालकालाही सहप्रवर्तक धरते. जाहिरात बिल्डरची, सही आपली. उद्या गिऱ्हाईक भरपाई मागत आले तर सातबाऱ्यावरचे नाव आधी सापडते. तेव्हा करारावर सही करण्याआधी जाहिरातीचा मजकूर मागून घ्या, वाचा आणि खोटा असेल तर लेखी हरकत नोंदवा.

फार्महाऊसच्या प्लॉटचेही तेच. मुरबाड, शहापूर, कर्जतकडच्या जमिनीचे तुकडे शहरातल्या माणसाला विकणारी जाहिरात डोंगर दाखवते, नदी दाखवते. कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, हे ती दाखवत नाही. शेतकऱ्याची जमीन जाते, घेणाऱ्याचे पैसे अडकतात, आणि मधला माणूस पुढचा डोंगर शोधतो.

आणि फलक? १३ मे २०२४ च्या वादळात घाटकोपरला पेट्रोल पंपावर फलक कोसळून १७ माणसे मेली. पालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची आणि उभा होता १२० बाय १२० फुटांचा. त्याच वर्षी २ ऑगस्टला कल्याणच्या सहजानंद चौकात फलक पडून माणसे जखमी झाली. मग मोजमापे निघाली, नोटिसा निघाल्या. फलक अंगावर पडला तरच तो गुन्हा, हा आमच्या व्यवस्थेचा न्याय. फलकावरचा मजकूर रोज कोणाच्या ना कोणाच्या संसारावर पडत असतो, त्याचे मोजमाप कोण घेणार?

'लोकांनीच शहाणे व्हावे' म्हणणाऱ्यांना

जाहिरातवाल्यांचे ठरलेले उत्तर असते. जाहिरात हे स्वप्न आहे, ते कोणी खरे मानत नाही, लोक शहाणे असतात. आम्ही म्हणतो, पावडरच्या जाहिरातीत हे चालेल. पावडर खोटी निघाली तर डबा फेकून दुसरा आणता येतो. शेतकऱ्याला वर्षात एकच खरीप मिळतो. बियाणे खोटे निघाले तर तो डबा बदलत नाही, वर्ष गमावतो. ज्याला चूक दुरुस्त करायची दुसरी संधी नाही, त्याला विकताना स्वप्नाची भाषा करणे हा गुन्हा धरला पाहिजे.

दुसरे उत्तर असते की धंद्याने स्वतःला शिस्त लावली आहे. जाहिरात मानक परिषद १९८५ पासून आहे हे खरे. पण ती जाहिरात देणाऱ्यांनी आणि करणाऱ्यांनी उभारलेली. घरातल्या भांडणात घरचाच पंच. ती चांगले निकाल देते, कापसाच्या प्रकरणात दिलाही. पण तिचा निकाल पेरणीच्या वेळापत्रकाने चालत नाही.

काही जण सेन्सॉर मागतील. तो आम्हाला नको. आज बूट तपासणारा उद्या आमचे हे पत्रक तपासायला येईल. कोण किती कपडे घालतो आणि कोणत्या घरात कोणाचे डोहाळजेवण होते, याचा हिशेब सरकारने ठेवू नये. सरकारने एकच विचारावे, दावा केलास, पुरावा दाखव.

हे अशक्य नाही. औषधांच्या बाबतीत १९५४ पासून कायदा आहे. ठरावीक रोग बरे करण्याच्या जाहिरातीवर त्यात बंदी आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण फसव्या जाहिरातीला दहा लाख आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते. जाहिरातीत मिरवणाऱ्या नटालाही जाब विचारू शकते. आणि शेतकरी ग्राहक आहे का, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या खटल्यात मिटवला. बियाणे निकृष्ट निघाले तर शेतकरी ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो. हत्यार आहे. ते उचलणारा हात पाहिजे.

बैठकीपुढे ठेवायचे ठराव

१. बियाणे, खत, टॉनिक, कीटकनाशक यांच्या जाहिरातीत उत्पादनाचा आकडा असेल, तर प्रयोग कुठे, किती हंगाम, किती ठिकाणी आणि कशाच्या तुलनेत झाला, हे त्याच जाहिरातीत तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापणे सक्तीचे करावे.

२. कीटकनाशकाच्या लेबलाला जो नियम आहे तोच भिंतीला, चित्रफितीला आणि मोबाइलवरच्या संदेशाला लावावा. फवारणीच्या चित्रातला माणूस तोंडाला मास्क आणि हातात मोजे घातलेलाच असावा.

३. शेतीच्या जाहिरातीवरच्या तक्रारीचा निकाल पेरणीआधी लागावा. निकालाला उशीर झाला तर तोवर जाहिरात थांबवावी.

४. प्रत्येक गावच्या शाखेने खरिपाआधी गावातल्या जाहिरातींची वही करावी. भिंतीवरच्या मजकुराचा तारखेसह फोटो, विकत घेतलेल्या पिशवीची पावती, टॅग आणि मूठभर बियाणे जपून ठेवावे. टॅग नाही, पावती नाही, तर खटला नाही.

५. जमिनीच्या करारावर सही करण्याआधी प्रत्येक सभासदाने प्रकल्पाची जाहिरात शाखेच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावी. चारचौघांत वाचली की खोटी ओळ आपोआप अडखळते.

शहरातल्या लोकांनी आपल्या चिडीने जाहिराती पाडून दाखवल्या आहेत. आमची चीड त्यांच्यापेक्षा कमी नाही, ती फक्त चुकीच्या जागी खर्च होते. आम्ही निवडणुकीच्या फलकावर कोणाचा फोटो लहान छापला म्हणून भांडतो. आमच्याच शेताच्या कडेला उभा असलेला फलक आमच्याविषयी काय खोटे बोलतो, त्यासाठी भांडत नाही. येत्या खरिपाआधी हे उलटे करू. ज्या दिवशी भिंतीवरचा खोटा आकडा पाहून गावातल्या माणसाला उघड्या अंगाइतकी लाज आणि देवाच्या अपमानाइतका राग येईल, त्या दिवशी त्या भिंतीला चुना फासायला सरकारची वाट पाहावी लागणार नाही.